पाच दिवस, सहा मित्र, कामशेत-कोलाड-मालवण : आधी प्लॅन उलटा करा

तू विचारलंयस की डिसेंबरात तुम्ही सहा मित्र-मैत्रिणी पुण्यातून एक गाडी आणि पाठीवरच्या सॅक घेऊन पाच दिवस निघताय. बुधवारी रात्री निघून रातोरात मालवण, गुरुवारी सकाळी पोचल्या पोचल्या स्कूबा, शुक्रवारी गोव्यात मयेला बंजी जंपिंग, शनिवारी दिवसभर गाडी चालवत कोलाड, रविवारी सकाळी राफ्टिंग आणि तिथून परस्पर कामशेतला जाऊन संध्याकाळी पॅराग्लायडिंग, रात्री घरी. दोघांना पोहता येत नाही, एकाला दमा आहे, एक मैत्रीण उंचीला घाबरते पण "तिथे आली की करेल ती" असं तू लिहिलंयस. हे सगळं बसेल का आणि सेफ आहे का, हा प्रश्न.

बंजी सोडून बाकी सगळं बसेल, पण या क्रमाने अजिबात नको. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स केले, मग सह्याद्रीत रोपचं काम, कोलाडच्या कुंडलिका नदीवर बरेच सीझन राफ्ट गाइड, पॅराग्लायडिंगचा पी-वन पी-टू, म्हणजे एकट्याने उडायला शिकवणारा सुरुवातीचा कोर्स, कामशेतलाच केला आणि डायव्हिंग उशिरा शिकलो पण मनापासून शिकलो. इतक्या वर्षांत मी जे अपघात जवळून बघितले त्यात दोर तुटला, बोट फुटली असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा प्लॅनमध्ये "आज नको" म्हणायला जागाच ठेवलेली नसते. पुढचं बुकिंग झालेलं, पैसे भरलेले, सहा जण तोंडाकडे बघतायत, मग वारं वाढलेलं असलं तरी उडायचं, झोप झालेली नसली तरी पाण्यात उतरायचं. तुझ्या प्लॅनमध्ये मला नेमकं हेच दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी क्रम. गुरुवारी सकाळी पुण्यातून कामशेत, ते जेमतेम पन्नास किलोमीटर आहे. तिथून संध्याकाळी खोपोली-पाली मार्गे कोलाडला मुक्काम. शुक्रवारी सकाळी राफ्टिंग, आंघोळ, जेवण आणि मग मुंबई-गोवा हायवेने दक्षिणेला, पण अंधार पडेल तिथे थांबायचं, चिपळूण म्हणा, संगमेश्वर म्हणा. शनिवारी दुपारपर्यंत मालवण. शनिवारी दुपार मोकळी. रविवारी सकाळी स्कूबा. रविवारी रात्री मालवणातच झोपायचं आणि सोमवारी सकाळी घाट चढून घरी. म्हणजे सोमवारची एक सुट्टी लागेल, पण गुरुवारी सकाळी निघाल्यामुळे बुधवारची रात्र वाचेल. बंजी काढून टाक. मयेच्या तलावावरचा तो ५५ मीटरचा प्लॅटफॉर्म चांगला आहे, गोव्याची वेगळी ट्रिप कराल तेव्हा करा, या ट्रिपमध्ये तो घुसवला की सगळीकडची मोकळी जागा संपते.

उलटं का करायचं? एक तर रात्रभर गाडी चालवून सकाळी डाइव्ह करणं हे मला मुळातच मान्य नाही. झोप नाही, पोटात हायवेवरचा चहा आणि वडापाव, घाटात वळणं खाऊन आधीच मळमळतंय, आणि त्यात तुम्ही नांगर टाकलेल्या हलत्या होडीत बसणार. होडी चालू असते तेव्हा कुणाला काही होत नाही, ती एका जागी डुलायला लागली की एकेक जण काठावरून खाली बघायला लागतो. मास्क लावायच्या आधीच अर्धा ग्रुप गारद झालेला मी कितीतरी वेळा बघितलाय. दुसरं म्हणजे गाडी चालवणाराही तुमच्यातलाच असणार ना, त्याचं काय? तो रात्रभर जागा आणि सकाळी पाण्याखाली. हे खेळ दिसतात धोक्याचे, पण अशा ट्रिपमध्ये मला सगळ्यात जास्त भीती रात्रीच्या ड्रायव्हिंगचीच वाटते. माझ्या ग्रुपला एकच नियम असतो, अंधार पडल्यावर लांब पल्ल्याची गाडी नाही. कोलाड ते मालवण हे साडेतीनशे किलोमीटरच्या वरचं अंतर आहे, आता कशेडीचा बोगदा झाल्यापासून बराच वेळ वाचतो पण तरी थांबत थांबत आठ-नऊ तास धरच, आणि राफ्टिंगनंतर अंग इतकं दमलेलं असतं की स्टिअरिंगवर डोळा लागायला वेळ लागत नाही.

आता कामशेत. डिसेंबर म्हणजे तिथला उत्तम काळ, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिथे उडतात. टेकड्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत, हिवाळ्यात सकाळी वारं पूर्वेकडून असतं आणि दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचं यायला लागतं, त्याप्रमाणे पायलट टेकडी बदलतात. म्हणून पायलट म्हणाला की आता इथून नाही, दुसरीकडे जायचंय, किंवा दोन तास थांबायचंय, तर समजून घ्या की तो नीट काम करतोय. वारं लागतं तेही मोजकंच, ताशी दहा ते वीस किलोमीटर म्हणजे छान, पंचविसाच्या वर गेलं की नवख्याला घेऊन टँडेम, म्हणजे पायलट आणि तू एकाच पंखाखाली, करायला मी तरी नाही म्हणेन. वारं पडलं तरी बसून राहावं लागतं. तू कामशेत रविवारी संध्याकाळी, शेवटच्या दिवशी, शेवटच्या दोन तासांत ठेवलं होतंस. तेव्हा वारं नसेल किंवा जास्त असेल तर? उद्या ऑफिस असतं, मग कुणीतरी पायलटला म्हणतं "दादा, करा ना काहीतरी, इतक्या लांबून आलोय". पायलटवर असा दबाव कधीच आणायचा नाही. पहिल्या दिवशी ठेवलं तर सकाळ आणि दुपार दोन्ही हातात राहतात, आणि नाहीच जमलं तर कामशेत कुठे पळून जात नाही, पुण्याहून कुठल्याही रविवारी सकाळी जाता येतं.

टँडेममध्ये तुला करायचं असतं ते फक्त एकच, पळणं. पायलट म्हणेपर्यंत पळत राहायचं, पाय हवेत गेले तरी पळायचं. नवखा माणूस दोन पावलं टाकतो आणि पंख वर आला की घाबरून किंवा खुश होऊन खाली बसतो, तिथेच घोळ होतो. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाने हेच केलं होतं, तो बसला, हार्नेस दगडांवरून घासत गेला, पायलटने पंख पाडला म्हणून उतारावरून पुढे गेले नाहीत, पण घोट्याला प्लास्टर आणि सगळ्या ग्रुपची पुढची ट्रिप तिथेच संपली. तो मुलगा तब्येतीने उत्तम होता, मी ब्रीफिंग ऐकताना त्याच्याकडे बघितलं होतं, तो मोबाइलवर स्टोरी टाकत होता. तेव्हापासून ब्रीफिंगच्या वेळी सगळ्यांचे फोन मी एका पिशवीत गोळा करतो आणि यात कुणाचंही ऐकत नाही.

हार्नेस घातला की मांड्यांचे पट्टे लागलेत का हे स्वतः हात लावून बघ, छातीचा पट्टा सगळे लावतात, मांड्यांचा राहून जाणं हे या खेळात सगळ्यात घातक आहे. मग बाजूच्या मित्राचंही बघ. रिझर्व्ह पॅराशूट आहे का हे विचार, टँडेमला असतंच पण विचारायला लाजू नकोस. पायात घोटा झाकणारे बूट घाल, सँडल नको. एक-दीड तास आधी हलकं खा, भरपेट मिसळ खाऊन वर गेलास तर गोल फिरताना त्रास होईल. आणि ज्याला हे खरंच आवडेल त्याने पुढच्या वर्षी पी-वन पी-टू कोर्स करावा, एकट्याने पहिल्यांदा जमीन सोडल्याचा क्षण टँडेमच्या दहा फ्लाइटमध्ये मिळत नाही. पुढे हिमाचलातल्या बीर-बिलिंगला जायची ओढ लागतेच, २०१५ साली तिथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला होता, पण शिकायला आपली मावळातली टेकडीच चांगली.

कोलाडबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ती नदी माझी आहे असं मला वाटतं. कुंडलिका डिसेंबरातच काय, एप्रिलमध्येही वाहते, सह्याद्रीतली बाकीची नदीपात्रं तेव्हा नुसते दगड असतात. कारण तिच्यातलं पाणी येतं कुठून ते बघ. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे, ते पाणी खरं तर पुण्याकडून भीमेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. ते घाटावरून पाइपांतून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं, १९२७ पासून तिथे वीज बनते, आणि टर्बाइन फिरवून झालेलं ते पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. ज्या लाटेवर तुम्ही ओरडणार आहात ती मुळशीची आहे. त्या धरणासाठी मावळातली गावं पाण्याखाली गेली, १९२१ साली तिथे सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. राफ्टमध्ये पुण्याची मुलं असली की मी हे सांगतोच, पहिल्या रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या टप्प्याच्या, आधी जे शांत पाणी लागतं तिथे. पाण्याकडे बघायची नजर बदलते त्यांची, निदान बिस्किटाचे पुडे नदीत टाकत नाहीत.

या सगळ्यामुळे कोलाडचं घड्याळ वीजघराचं आहे. पाणी साधारण सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंग सकाळचं, आणि वेळ रोज थोडी मागेपुढे होते. आदल्या संध्याकाळी फोन करून उद्याचं पाणी कधी ते विचारून घ्यायचं. साज्यापासून कामतपर्यंत बारा-चौदा किलोमीटरचा पट्टा आहे, दोन-तीन ग्रेडचे म्हणजे मध्यम जोराचे रॅपिड, पहिल्यांदा करणाऱ्याला अगदी योग्य. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेव, पाणी सुटायच्या आधी पात्र कोरडं दिसतं म्हणून फोटो काढायला आत उतरायचं नाही. पाणी आवाज न करता चढतं, मागे वळून बघेपर्यंत तुम्ही ज्या दगडावर उभे आहात त्याच्या सगळ्या बाजूंनी पाणी झालेलं असतं.

पोहता न येणाऱ्या दोघांनी राफ्टिंग करायला माझी काहीच हरकत नाही, लाइफ जॅकेट तरंगवतं, पोहणं तरंगवत नाही. पण जॅकेट बरोबर बसलं पाहिजे. सगळी बकल लावून पट्टे ओढायचे, मग मित्राला सांगायचं खांद्यापाशी धरून वर खेच. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात ते तोंडावर येईल आणि माणूस खाली राहील. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट. पॅडलच्या वरच्या टोकाला जी आडवी मूठ असते त्यावरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही, कुंडलिकेवर मी बुडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा मोकळ्या सुटलेल्या मुठीने शेजाऱ्याचा दात पडलेला किंवा ओठ फाटलेला बघितलाय.

राफ्टमधून पडलास तर, आणि पडणार हे धरूनच चाल, उताणं व्हायचं, पाय पुढे, वाहत्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. आणि उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. हे शंभरदा सांगूनही लोक उभे राहतात कारण पाणी कमरेएवढंच दिसतं, मग पाय दोन दगडांत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे आडवं दाबतं. लाइफ जॅकेट घातलेला, पोहता येणारा माणूससुद्धा त्यात बुडू शकतो. पाणी गुडघ्याच्या खाली आल्याशिवाय उभं राहू नये. गाइड दोरीची पिशवी फेकेल, पिशवी नाही दोरी धरायची, छातीपाशी दोन्ही हातांनी, खांद्यावरून घेऊन, आणि मनगटाला गुंडाळायची नाही. बुकिंग करताना विचार की राफ्टबरोबर सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला उचलायला सोबत चालणारी छोटी होडी, असते का. असते असं म्हणाले की विचार एका कयाकमागे किती राफ्ट. प्रश्न विचारणारा माणूस चांगल्या ऑपरेटरला आवडतो, वैतागतो तो दुसऱ्या प्रकारचा.

दम्याचं जे तू एका ओळीत उरकलंस त्यावर मला थांबायचंय. एकदा माझ्या राफ्टमध्ये कॉलेजचा एक ग्रुप होता, सगळ्यांनी फॉर्म एकत्र बसून, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून भरले, सगळ्या रकान्यांत "नाही". शांत पाण्यात उड्या मारायला सांगितल्या तेव्हा एक मुलगा उतरला, डिसेंबरातलं सकाळचं गार पाणी, आणि दोन मिनिटांत त्याला श्वास लागला. इनहेलर होता, पण पार्किंगमधल्या गाडीत, सॅकच्या आतल्या कप्प्यात. त्याला काठावर घेतलं, बसवलं, गाडीतून इनहेलर मागवला, तो यायला जो वेळ लागला तो मी विसरू शकत नाही. मुलगा बरा झाला. नंतर मी विचारलं की लिहिलं का नाहीस, तर म्हणाला सगळे बघत होते, मग मलाच काठावर बसवलं असतं. तेव्हापासून मी फॉर्म एकेकाला वेगळं बसवून भरून घेतो आणि स्वतः शेजारी बसून विचारतो. दमा, फिट, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, खांदा निखळायची सवय, गरोदरपण. यातलं काहीही मित्रांसमोर विचारलं की खरं उत्तर येत नाही. तू या ट्रिपचा म्होरक्या आहेस तर हे काम तुझं. दमा असलेल्या मित्राने राफ्टिंग डॉक्टरला विचारून करावं, इनहेलर ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गाइडच्या हातात द्यावा. स्कूबाला मात्र डॉक्टरचं लेखी सर्टिफिकेट असल्याशिवाय त्याने उतरूच नये, कारण तिथे प्रश्न धाप लागण्यापुरता राहत नाही. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, फुप्फुसाच्या एखाद्या भागात ती अडकून राहिली तर फुप्फुस फाटू शकतं.

आणि गाडीची किल्ली. हसू नकोस, हे दरवर्षी होतं. रिमोटवाली किल्ली खिशात घेऊन राफ्टमध्ये बसायचं, ती भिजते किंवा वाहून जाते आणि सहा जण ओल्या कपड्यांत कोलाडला अडकतात. किल्ली, फोन, पाकीट बेसवर द्या. चष्म्याला दोरी बांधा. अंगठ्या काढून ठेवा. जीन्स घालू नका, भिजली की दगडासारखी होते, रात्रभरात वाळत नाही आणि पुढचे तीन दिवस सॅकमध्ये कुबट वास. पटकन वाळणारे दोन जोड कपडे आणि मागे पट्टा असलेले फ्लोटर पुरतात.

मालवण. शनिवारी दुपारी पोचलात की पहिलं काम म्हणजे किनाऱ्यावर जाऊन पाणी बघा आणि ज्यांच्याबरोबर जाणार त्यांना भेटा, फोनवर ठरवलेलं असलं तरी. जमलं तर सिंधुदुर्ग किल्ला करा, शिवरायांनी १६६४ ला कुरटे बेटावर बांधायला घेतला तो, त्याच्याच आसपासच्या खडकांमध्ये डाइव्ह होतात. रात्री मासे खा, पण दारू नाही, हे त्या एका रात्रीपुरतं सगळ्यांनी पाळलंच पाहिजे. सकाळचीच वेळ घ्या. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र सपाट असतो, दुपारी खारा वारा सुटला की लाट उठते आणि पाणी ढवळतं. तळ गढूळ झाला की खाली हातभर दिसत नाही. रविवारी सकाळी समुद्र चांगला नसेल तर थांबायचं आणि तसंच परत यायचं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करायला गेलेल्या पर्यटकांची बोट उलटली होती, दोघांचा जीव गेला. मे अखेरीस तो समुद्र कसा असतो ते तिथल्या कुठल्याही मच्छीमाराला विचार. होडीत पाय ठेवल्यापासून परत किनाऱ्यावर उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर, फोटोसाठीसुद्धा काढायचं नाही. होडीत माणसं जास्त वाटली तर उतरा, पुढच्या फेरीने जा.

पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्याला तिथे पाच-सात मीटर खाली नेतात, एक इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून असतो. एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर, यावर तडजोड नको, स्वस्तातल्या पॅकेजमध्ये इथेच काटछाट होते. खाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरलेलं फुप्फुस वर येताना दुप्पट व्हायला बघतं. सतत, हळू, तोंडाने श्वास चालू. कानावर दाब येतो, तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि दुखायला लागायच्या आधी, अगदी अर्धा मीटर खाली गेल्यापासूनच. दुखत असताना जोर लावून फुंकलं तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर डाइव्ह नाही, गोळी घेऊन नाक मोकळं करून तर मुळीच नाही, गोळीचा असर खालीच उतरला तर काय करणार? आणि खुणा नीट शिकून घ्या. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली "मला वर न्या". सगळे जण मस्त वाटतंय म्हणून अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना वर घेऊन येतो, डाइव्ह संपली. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल. प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि फोटोत मासे यावेत म्हणून ब्रेड-बिस्किटं टाकतात ते करू देऊ नका, मला त्याचा मनापासून राग येतो, ते मासे खडकावरचं खायचं सोडून माणसाच्या हाताकडे धावायला लागतात.

पोहता न येणाऱ्या दोघांसाठी एक गोष्ट आत्ताच सुरू कर. पुण्यात कुठल्याही पोहण्याच्या तलावावर दोन रविवार जायचं, कमरेएवढ्या पाण्यात, मास्क आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून तोंड पाण्यात घालून दहा मिनिटं शांतपणे श्वास घ्यायचा. पोहायला शिकायची गरज नाही. पाण्यात चेहरा असताना श्वास घेता येतो हे शरीराला एकदा कळलं की समुद्रात जी घाबरगुंडी उडते ती निम्मी कमी होते. ज्यांना दुसऱ्या रविवारीही ते जमत नसेल त्यांनी मालवणला होडीवरच थांबावं.

आता डाइव्ह शेवटी ठेवल्यामुळे एक गोष्ट सांभाळावी लागते. डाइव्ह केल्यावर शरीरात नायट्रोजन थोडा जास्त विरघळलेला असतो, लगेच उंचीवर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाबद्दलचा नियम असा की एका डाइव्हनंतर निदान बारा तास, जास्त डाइव्ह केल्या तर अठरा तास उडायचं नाही, आणि हा नियम साधारण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लावतात. तुमच्या परतीच्या घाटांत आंबोली सातशे मीटरच्या जवळ आहे, गगनबावडाही तसाच. सहा मीटरवर वीस मिनिटं केलेल्या डाइव्हने काही होण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी, उगाच घाबरवत नाही. पण रविवारी सकाळी डाइव्ह आणि सोमवारी सकाळी घाट असं ठेवलं की तो प्रश्नच उरत नाही आणि ड्रायव्हरलाही झोप मिळते. आणि डाइव्हनंतर पॅराग्लायडिंग हा क्रम तर मला कुणाच्याच प्लॅनमध्ये बघायचा नाहीये.

ऑपरेटर कसा ओळखायचा हेही विचारलंयस. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, ती आहे का ते सरळ विचार आणि सर्टिफिकेटचा फोटो मागव. पण कागदापेक्षा मी एक प्रश्न जास्त मानतो, "शेवटचं कधी तुम्ही वाऱ्यामुळे किंवा पाण्यामुळे कॅन्सल केलं होतं आणि लोकांच्या पैशाचं काय केलंत?" जो लगेच एखादा प्रसंग सांगतो त्याच्याबरोबर जा. जो म्हणतो आमच्याकडे कधी कॅन्सल होतच नाही, त्याच्याबरोबर माझ्या मुलीला मी पाठवणार नाही. इन्शुरन्सची पॉलिसीही उघडून बघा, साध्या अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, फोन करून विचारायला दहा मिनिटं लागतात.

राहिली ती उंचीला घाबरणारी मैत्रीण. "तिथे आली की करेल" म्हणजे तिथे तुम्ही पाच जण टाळ्या वाजवून तिला उभं करणार. टेकऑफला मनातून थांबलेला माणूस पळत नाही, आणि न पळणं म्हणजे काय ते वर लिहिलंय. तिला आज फोन कर, ग्रुपवर मेसेज टाकू नकोस. एकटीला विचार, तुला करायचंय का, आणि नाही म्हणालीस तर मी बाकीच्यांना सांगेन, तुला कुणाला काही सांगावं लागणार नाही. राफ्टिंग तिला कदाचित खूप आवडेल, तिथे उंची नाहीच. ती हो म्हणाली तर सहा पायलट बुक कर. नाही म्हणाली तर पाचच कर, "बघू तिथे गेल्यावर" म्हणून सहावा धरून ठेवू नकोस.